रिकामी मूठ आणि बोंड्या

ढगांना माणसांची भीती वाटत नव्हती, इतक्या पूर्वीची गोष्ट. एका उंच पठारावर एक धनगर राहायचा. पठाराचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की लोक बघायला जातात आणि गवत तुडवून येतात.

त्या पठारावर ढग झोपायला यायचे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. दिवसभर ते खालच्या दरीत हिंडायचे आणि ऊन कललं की कडा चढून वर यायचे, गवतात अंग टाकायचे. सकाळी धनगर मेंढ्या सोडायला बाहेर पडला की मेंढ्या कुठं संपल्या आणि ढग कुठं सुरू झाला ते कळायचं नाही. एखाद्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवायला जावं तर हात ओला होऊन परत यायचा. तिथं मेंढी नसायचीच.

धनगर मनानं वाईट नव्हता. पण हेकट होता, आणि त्याला एका गोष्टीचा भारी गर्व होता. त्याच्या मुठीचा.

मेंढ्यांना मीठ आवडतं. मिठाची मूठ पुढं धरली की मेंढी असेल तिथून पळत येते. हे सगळ्याच धनगरांना ठाऊक. पण पठारावर मीठ कुठलं? ते लांबून, घाट चढून आणावं लागायचं. मग या गड्यानं सोपा मार्ग काढला. रिकामीच मूठ वळायची, पुढं धरायची आणि हाक घालायची, "यू ऽऽ यू!" सगळा कळप धावत यायचा. सकाळी जाळीतून, म्हणजे रात्रीच्या कोंडवाड्यातून, बाहेर काढायला मूठ, संध्याकाळी जाळीत कोंडायला मूठ. मेंढ्या यायच्या, मूठ हुंगायच्या, काही मिळायचं नाही. मग खाली मान घालून गवत खायला लागायच्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळत यायच्या. मेंढी ती. तिच्या डोक्यात कालचा दिवस राहत नाही.

धनगरीण म्हणायची, "अवो, रोज फसवता त्यांना. कधीतरी एक खडा ठिवा की मुठीत."

"त्या फसत्यात म्हणून मी फसवतो. मला काय हौस हाय?"

"हौसच हाय तुमाला," ती म्हणायची आणि चुलीकडं वळायची.

असं चाललं होतं. पुढं धनगराचं जुनं कुत्रं म्हातारं होऊन मेलं. आता कुत्रं मेलं तर रडावं आणि दुसरं आणावं, एवढंच तुमच्याआमच्याकडं असतं. तिथं तसं नव्हतं. तिथं एक रीत होती.

थंडी पडायच्या आधी पठारावरचे सगळे धनगर आपापला कळप घेऊन पलीकडच्या रानात उतरायचे. त्या दिवसांत ढग इतका दाट, की वाट चालणाऱ्याला स्वतःचे गुडघे दिसत नसत. म्हणून रीत अशी, की ज्याचं कुत्रं हाकेला येतं त्यानंच आपला कळप ढगात घालावा. ज्याचं कुत्रं हाकेला येत नाही, त्याची मेंढरं कारभाऱ्याच्या मेंढरांत मिसळायची. कारभारी म्हणजे सगळ्या धनगरांचा पुढारी. आणि एकदा मिसळली ती मिसळली. मग त्या धनगरानं जन्मभर दुसऱ्याच्या कळपामागं काठी घेऊन चालायचं.

थंडीला अवकाश होता, पण फार नव्हता. म्हणून धनगर उठला आणि पठाराच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी राहायची तिच्याकडं गेला. तिच्या कुत्रीला पिल्लं झाली होती.

म्हातारी दारात लोकर पिंजत बसली होती. तिच्या मांडीवर लोकर होती आणि भोवती ढग होता, आणि ती नेमकं काय पिंजतेय ते लांबून सांगता येत नव्हतं.

"आत्या, पिल्लू पायजे," धनगर म्हणाला.

"तुझं कुत्रं मेलं, का तुला कंटाळून गेलं?"

"म्हातारं होतं. मेलं."

"मग बस तिथं कुपाटीजवळ. गप बस. तू पिल्लू निवडायचं न्हाईस. जे येईल ते तुझं. न्हाई आलं तर वाट धर."

धनगर काट्यांच्या त्या कुंपणाजवळ घोंगडं अंगाखाली घेऊन बसला. पिल्लं एकमेकांचे कान चावत होती. कुणी त्याच्याकडं बघेना. बसून बसून त्याच्या पायाला मुंग्या आल्या. मग त्यातलं एक तांबडं पिल्लू निघालं. त्याच्या शेपटीचं टोक तेवढं पांढरं होतं, कापसाचं बोंड फुटावं तसं. ते आलं, त्यानं घोंगड्याचा वास घेतला, तिथंच गोल गोल फिरलं आणि झोपलं.

"घे. बोंड्या म्हण त्याला," म्हातारी म्हणाली. "आणि एक ऐक. त्याच्याशी खोटं बोलू नगंस."

धनगर हसला. "कुत्र्याशी बोलतंय कोण?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा लोकर पिंजायला लागली.

पहिल्या दिवशी सगळं छान झालं. धनगरानं ताकात कुस्करलेली भाकरी मुठीत घेतली, मूठ पुढं धरली आणि हाक घातली. बोंड्या पाय एकमेकांत अडकत धावत आला आणि मूठ उघडेपर्यंत त्याला दम नव्हता. भाकरी संपल्यावरही बोटं चाटत बसला.

"बघितलंस?" धनगर बायकोला म्हणाला. "माझ्या मुठीला न्हाई म्हणणारं जनावर अजून जन्मलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बोंड्यानं धनगराची वहाण पळवली. धनगरानं मूठ वळली, रिकामी, आणि हाक घातली. बोंड्या वहाण टाकून आला. धनगरानं मानगूट धरली आणि त्याला खुंट्याला बांधलं. त्यानंतर त्याला ओढ्याच्या गार पाण्यात बुडवायचं होतं, अंगावर गोचिडी झाल्या होत्या म्हणून. तेव्हाही मूठ, तीही रिकामी. मग पायातला काटा काढायचा होता. पुन्हा मूठ. काटा काढणं चांगलंच काम आहे, नाही कोण म्हणतंय? पण पिल्लाला काय कळलं? पिल्लाला एवढंच कळलं, की हा माणूस मूठ धरून बोलावतो आणि आत काही नसतं. दुखतं मात्र.

आणि मग एका सकाळी धनगरानं हाक घातली तर बोंड्या आला, पण जवळ आला नाही. काठीभर अंतरावर थांबला आणि बसला.

धनगर एक पाऊल पुढं गेला. बोंड्या एक पाऊल मागं सरला. धनगर मागं आला. बोंड्या पुढं आला आणि पुन्हा बसला. धनगरानं मूठ हलवली, "यू ऽऽ यू" केलं. आजूबाजूच्या सगळ्या मेंढ्या धावत येऊन त्याला चिकटल्या. त्या लोकरीच्या गर्दीपलीकडं बोंड्या तसाच बसून राहिला. मुठीकडं बघत नव्हता. तोंडाकडं बघत होता.

तेव्हापासून हेच झालं. धनगर जाईल तिथं बोंड्या जायचा, पण मध्ये काठीभर अंतर ठेवून. धनगर ढगात शिरला की बोंड्या शिरायचा, धनगर उन्हात आला की तो उन्हात. जसं काही दोघांच्या मध्ये कुणी तिसरंच चालत होतं, दिसत नव्हतं एवढंच.

बाकीच्या धनगरांना चेष्टेला निमित्तच झालं.

"काय रं, कुत्रं तुझं हाय का वाटसरू हाय?"

"न्हाई न्हाई, पावणा हाय तो. मान ठेवून चालतोय!"

धनगर चिडला. गुळाचा खडा दाखवला. बोंड्यानं बघितला नाही. खडा जमिनीवर ठेवून धनगर लांब गेला, तेव्हा मात्र त्यानं येऊन खाल्ला. धनगर आणखी चिडला आणि त्यानं वहाण फेकून मारली. लागली नाही. पण बोंड्या गवतात गेला तो दिवसभर दिसला नाही. संध्याकाळी कोकरांच्या जाळीत, दोन कोकरांच्या मध्ये अंग चोरून झोपलेला धनगरणीला सापडला.

"नगा मारत जाऊ," ती म्हणाली. "कारभारी इचारत होतं, कुत्रं येतं का हाकेला म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"तुमी घरात न्हाई म्हनून सांगितलं. किती दिस सांगू?"

समोर जाळीत त्याची मेंढरं बसली होती. कुणाची आई कोण, कुणाची आजी कोण, सगळं त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापानं सांभाळलेल्या मेंढ्यांच्या नाती-पणती होत्या त्या. त्या सगळ्या दुसऱ्याच्या कळपात शिरताहेत आणि ढगात पांढऱ्यात पांढरं मिसळतंय, असं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. हातातली भाकरी त्यानं परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो म्हातारीच्या दारात जाऊन उभा राहिला. बोंड्या मागं होताच, काठीभर.

"आत्या, तुझं कुत्रं बिघडलेलं हाय. परत घे."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या हाताकडं. बोलता बोलता सवयीनं त्याची मूठ वळलेली होती.

"मूठ उघड."

"रिकामी हाय."

"तेच म्हणतेय मी."

म्हातारी म्हणाली, "अरं येड्या, तू त्याला मेंढरागत वागवलंस. मेंढरू चरतं आणि इसरतं. कुत्रं राखतं. राखणारं इसरायला लागलं तर राखील काय, माती?"

"मग आता करू काय?"

"हात उघडा ठेवून बस. रिकामा असला तर रिकामा दिसू दे. बोलवू नगंस. धरू तर मुळीच नगंस."

"असा बसलो तर मेंढरं कोण चारील?"

"मेंढरं चारत बस की! तुला काय पाटावर बसायला सांगितलंय?"

धनगर बडबडत परत आला. पण बसला.

कड्याजवळ एक सपाट खडक होता. मेंढ्या चरायला लागल्या की तो त्यावर बसायचा आणि उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवायचा. बोंड्या काठीभर लांब बसायचा. दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत. आधी धनगराला वाटायचं आपण वेडे झालो. मग तसं वाटायचं थांबलं.

जन्मभर मेंढ्यांमागं ओरडत फिरलेला माणूस कधी असा गप्प बसलाच नव्हता. आता बसला तर त्याला दिसायला लागलं. ढग कडा चढून यायचे तेव्हा आधी एक पातळ बोट वर यायचं, चाचपायचं, आणि मग बाकीचा ढग यायचा. गेंदाची पांढरी फुलं सगळीकडं फुलली होती, बोटाच्या पेराएवढी, आणि वारा आला की सगळं पठार एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखं दिसायचं. ढग त्याच्या बोटांमधून जायचा. तळहातावर पाण्याचे बारीक थेंब जमायचे. आणि बोंड्या झोपेत पळायचा. खरंच, आडवा पडून चारी पाय हलवायचा, नाकातल्या नाकात भुंकायचा. कुठल्या रानात पळत असेल तो? आणि त्या रानात त्याला हाक कोण घालत असेल? धनगराला हे कुणाला तरी विचारावंसं वाटायचं. पण लोक हसले असते.

कधी भाकरी असली तर तो तळहातावर उघडी ठेवायचा. नसली तर नुसता हात. अंतर कमी होत होतं. इतकं हळू की ते होताना दिसायचं नाही. पाऊण काठी झालं. मग अर्धी काठी झालं. एकदा शिंक आली म्हणून धनगर हलला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यानं स्वतःच्याच नाकाला शिव्या घातल्या.

आणि मग एका दुपारी, हात रिकामा होता, पांढऱ्या ढगात काही दिसत नव्हतं, आणि धनगराला तळहातावर ऊब जाणवली. श्वास होता तो. मग ओलं नाक टेकलं. मग हनुवटीचं सगळं वजन.

हात उलटा केला असता तर मानगूट हातात आली असती. धनगराची बोटं वळवळली. एवढ्या दिवसांची सवय ती. त्यानं बोटं सरळ ठेवली. हाताला कळ लागली, खांदा भरून आला, तरी तो हलला नाही. ढग गेला, दुसरा आला, तोही गेला. बोंड्या तळहातावर डोकं ठेवून झोपला होता.

घरी आल्यावर धनगरीण म्हणाली, "मग धरला न्हाईत त्याला?"

"न्हाई."

"का?"

"हात त्याचा होता," धनगर म्हणाला. "म्हंजे, हाय माझाच. पन तवा त्याचा होता."

धनगरीण हसली नाही. तिनं त्या दिवशी भाकरी तीन ठिकाणी वाढली.

त्यानंतर बोंड्या हाकेला यायला लागला. उघड्या हातानं हाक घालायची, तो यायचा. वाढलाही भरभर. कारभारी स्वतः बघून गेले.

"येतंय की रं! पर ध्यानात ठेव, ढगातबी आलं पायजे. रीत ती रीत."

"यील," धनगर म्हणाला.

उतरायचा दिवस आला. कळपामागून कळप निघाले. पुढं कारभाऱ्यांचा, त्यामागं बाकीच्यांचे, आणि सगळ्यांत शेवटी आपला धनगर. त्याच्या कळपाच्या मागं धनगरीण घोड्याला धरून चालत होती, घोड्यावर कोकरांची टोपली. ढग असा उतरला होता की पुढची माणसं एकेक करून त्यात विरघळत गेली. आधी पागोटं जायचं, मग काठी, मग मेंढ्यांच्या पाठी, आणि शेवटी घंटांचे आवाज तेवढे उरायचे.

धनगर घंटांच्या मागं चालत राहिला. पायाखाली गेंदाची फुलं, वर ढग, पुढं ढग. पांढऱ्यातून पांढऱ्यात चालायचं. बराच वेळ असं चालल्यावर त्याला वाटायला लागलं की आपण चालतच नाही, ढगच आपल्याखालून सरकतोय. पुढं घंटा वाजत होत्या, समोर, अगदी नाकासमोर. कारभाऱ्यांच्या बोकडाची जाड घंटा त्यात ओळखू येत होती. त्याला कसलाच संशय आला नाही.

आणि बोंड्या थांबला.

तो धनगराच्या पुढं होता. वळला, आणि धनगराच्या पायांपुढं आडवा उभा राहिला.

"चल रं," धनगर म्हणाला.

बोंड्या हलला नाही.

धनगर त्याला वळसा घालून पुढं निघाला. बोंड्या पुन्हा पुढं आला, आडवा. या खेपेला त्यानं दात दाखवले. मालकाला!

"बोंड्या! सर बाजूला! ये हिकडं, माझ्या मागं ये!" धनगर ओरडला. "ये म्हणतो ना! ये!"

ढगात आवाज कसा लांब जातो. पुढच्या घंटा थांबल्या. म्हणजे त्यांनी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं, की याचं कुत्रं हाकेला येत नाही. मेंढरं गेली. बापाच्या मेंढ्यांच्या नाती-पणती गेल्या.

मागून कळप येऊन त्याच्या पायांशी दाटला. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, धनगराची मूठ वळली. त्यानं ती पुढं धरली, बोंड्याच्या डोक्यावरून, समोरच्या पांढऱ्यात. रिकामी मूठ. मेंढ्यांनी माना उंचावल्या. पुढच्या मेंढीनं पाऊल टाकलं. आता एकदा "यू ऽऽ यू" केलं की सगळा कळप कुत्र्याला ओलांडून पुढं धावला असता. मग कुत्रं आलं काय आणि नाही आलं काय. कळप पुढं गेला म्हणजे झालं.

बोंड्यानं मुठीकडं बघितलं. आणि मग तोंडाकडं बघितलं. तो लटपटत होता. शेपूट पायात गेली होती, कान मागं पडले होते. पण तो तिथून सरला नाही.

धनगर त्याच्याकडं बघत राहिला. त्याच्या मनात आलं, हा मला भीत असता तर कधीच बाजूला झाला असता. काठीभर लांब जाऊन बसला असता आणि मला जाऊ दिलं असतं. मला अडवायला हा जवळ आलाय.

त्याचा हात खाली आला. पुढच्या मेंढीचं शिंग त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि तो फुलांत मांडी घालून बसला. हाक त्यानं घातलीच नाही.

मागून धनगरीण चाचपत आली. "का थांबलात? पुढची गेली की!"

"बोंड्या न्हाई म्हणतोय."

"का?"

"मला काय ठावं?"

"मग?"

"मग बसलोय."

ती उभी राहिली. मग तीही बसली. बोंड्यानं अंग टाकलं, तेही आडवंच, त्यांच्या आणि पुढच्या ढगाच्या मध्ये.

थोड्या वेळानं धनगरानं शेजारचा एक दगड उचलला आणि समोर टाकला. लांब नाही, रांगत्या पोरापुढं चेंडू टाकावा तितकाच. दगड ढगात गेला. दोघांनी कान दिले. दगड पडल्याचा आवाज आला नाही. ते वाट बघत राहिले. आलाच नाही.

धनगरणीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

दुपार झाली तसा ढग जागा झाला. आधी सैल झाला, मग फाटला, आणि मग एखाद्यानं अंगावरचं पांघरूण काढावं तसा सरकला. तेव्हा दिसलं. बोंड्या पडला होता त्याच्यापुढं गेंदाची फुलं वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरावेत एवढीच होती आणि पुढं काही नव्हतं. तिथं दरी होती. दरी काठोकाठ ढगानं भरली होती, फुलांच्या पातळीला अगदी सपाट, पांढऱ्याला पांढरं लागून. खरी वाट मागंच उजवीकडं वळली होती आणि दरीला वळसा घालून पलीकडं गेली होती. पलीकडच्या काठावर बाकीचे सगळे कळप उभे होते. घंटा तिथून वाजत होत्या. समोरच होत्या त्या, धनगराचे कान खोटं सांगत नव्हते. मध्ये जमीन नव्हती एवढंच.

वळसा घालून ते पलीकडं पोचले तेव्हा कारभारी वाटेवरच काठी टेकून उभे होते. बाकीचे धनगर गोळा झाले होते.

"किती उशीर? आम्ही वाट बघून दमलो," कारभारी म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "गड्या, मला वाईट वाटतंय. पर सगळ्यांनी ऐकलंय. तू हाका मारल्यास आणि कुत्रं आलं न्हाई."

"न्हाई आलं," धनगर म्हणाला.

"मग?"

"म्हणून तर आमी आलो."

कारभाऱ्यांना कळलं नाही. धनगरानं काठीनं दरीपलीकडं दाखवलं. तिथं फुलांत मेंढ्यांच्या पायांनी तुडवलेला पट्टा स्पष्ट दिसत होता. सरळ आला होता, सरळ, अगदी काठापर्यंत, आणि तिथं थांबला होता. पट्ट्याच्या टोकाला दाबलेल्या फुलांचा एक लहान आडवा डाग होता, कुत्रं निजावं एवढा.

मागं पावणा म्हणून हसणाऱ्यानं पागोटं काढून पुन्हा बांधलं. कारभारी बराच वेळ त्या डागाकडं बघत राहिले.

"तुझी मेंढरं तुझ्यापाशीच राहू देत," शेवटी ते म्हणाले. "आणि रीत... रीत आपण बसून बोलू. हाकेला येतं का, एवढंच इचारून भागायचं न्हाई असं दिसतंय."

"मग काय इचारायचं, कारभारी?" एकानं विचारलं.

"ते कुत्र्याला ठावं," कारभारी म्हणाले आणि वाटेला लागले.

सगळे कळप उताराला लागले. खाली ऊन पडलं होतं आणि रान हिरवं दिसत होतं. बोंड्या पुढं पळाला, एका फुलपाखराला भुंकला, त्याच्यामागं धावताना खड्ड्यात पडला, बाहेर आला आणि अंग झाडून असा चालायला लागला की जसं काही झालंच नाही. पिल्लूच होतं अजून. धनगरीण हसता हसता घोड्याचा लगाम सोडून बसली, तर घोडा कोकरांसकट भलतीकडंच निघाला. मग सगळी त्याच्यामागं.

तात्पर्य म्हणून सांगायचं तर एवढंच: खोटी मूठ दाखवून गोळा केलेले तुमच्या मागोमाग कड्यावरूनही जातील, पण ज्याचा विश्वास तुम्ही बसून, वाट बघून मिळवलाय तोच तुमच्या पुढं आडवा उभा राहील. तो आडवा आला तर त्याला दटावू नका, आधी थांबा.